एक जूनची पूर्वतयारी

शुक्रवार, १ मे २०२६. दुपारी १२.

झेंडावंदन झालं, निकाल वाटून झाले, उन्हाळी सुट्टी लागली. आजपासून रोजनिशी लिहायची. कुणाला दाखवायची नाही. दाखवली तर इतर नवऱ्यांना न्यूनगंड येईल.

मुख्य मुद्दा : रेश्मा १ जूनला कामावर हजर होणार. बाळंतपणाची रजा सव्वीस आठवडे, ती ३१ मेला संपते. ज्ञानदा तेव्हा सहा महिन्यांची होईल, तीन दिवस कमी. रेश्मा सीनाई दूध संघाची जनावरांची डॉक्टर. कर्जत सेंटर, अठरा गावं. गाय माजावर आली, वासरू आडवं आलं, कास सुजून दगडी झाली, की रात्रंदिवस फोन तिलाच. आमच्या भागात या कामावर दुसरी बाई नाही. हे मी भाषणात नेहमी सांगतो.

सध्या ती माहेरी, खर्ड्याजवळ वस्तीवर. नोव्हेंबरच्या अखेरीपासून तिथेच आहे. मी आतापर्यंत पाच वेळा जाऊन आलो. पाचही वेळा ज्ञानदा झोपलेली होती किंवा मी घाईत होतो.

मला सुट्टी १४ जूनपर्यंत. म्हणजे पहिले चौदा दिवस बाळाला मी सांभाळणार. पुढे सिस्टीम बसली की आपोआप चालेल. नागरिकशास्त्र मी नुसतं शिकवत नाही, जगतो. मुलगी झाली तेव्हा लोक जिलेबी वाटतात, मी पेढे वाटले. ते स्टेटस तीनशे अकरा जणांनी पाहिलं.

ड्रॉइंग पेपरवर तक्ता केला, चार रंगांत. ६ ते ७ बाळाची मालिश व अंघोळ. ७ ते ९ बाळ झोपेल, माझं वाचन. ९ ते ९.१५ दूध. ९.१५ ते १२ बाळ खेळेल, माझं लेखन. असा पूर्ण दिवस. रेश्माच्या रकान्यात फक्त 'निश्चिंत' एवढंच लिहिलं. तक्ता फ्रिजवर लावला.

रविवार, ३ मे.

आईला योजना सांगितली. आई भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. मग म्हणाली, की सध्या सहावा महिना चालूय, सम महिन्यात लेकरू पहिल्यांदा घरी आणत नाहीत. १७ तारखेला अधिक महिना लागतो, अधिकात तर नाहीच नाही. अधिक संपतो १५ जूनला, त्यानंतर खुशाल आणा.

मी कॅलेंडर काढून तिला समजावलं, की १ जून ही तारीख १५ जूनच्या आधी येते. ती म्हणाली, ते तिला कळतंय.

शिवाय तिचं म्हणणं, अंगावर पाजणारी बाई दिवसभर गाईंच्या मागं उन्हातान्हात फिरली तर दूध नासतं. गाईला व्याल्यावर आठ दिवसांत डेअरीला लावतो, तिचं नाही नासत, असं मी म्हटलं. मुद्दा बिनतोड होता. आईने तवा जरा जोरात उतरवला.

जुनी पिढी आहे, कलाकलाने घेऊ. संकल्प : रोज अर्धा तास आईचं प्रबोधन.

सोमवार, ४ मे.

प्रबोधन झालं नाही. आईला वेळ नव्हता. मॅच होती.

बुधवार, ६ मे. संध्याकाळी.

रेश्माशी व्हिडिओ कॉल. तिने विचारलं : काढून ठेवलेलं दूध किती वेळ टिकतं, लंगोट कसा बांधतात, आणि ज्ञानदा रडायला लागली तर काय कराल? मी म्हटलं, हे तपशील झाले, मुळात दृष्टी हवी. ती थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. नेटवर्क गेलं असावं.

ती म्हणाली, सुट्टी आहे तर आठ दिवस इकडे येऊन राहा, बाळाला तुमची सवय होईल आणि तुम्हाला बाळाची. कल्पना चांगली आहे, पण कूलरचा पंप बिघडलाय, त्याचा माणूस कधीही येऊ शकतो. शिवाय जावयाने आठ दिवस सासुरवाडीला राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील, हाही एक शास्त्रीय प्रश्न आहे. सराव इथेच करीन. दोन किलोची गव्हाच्या पिठाची पिशवी घेतली. एका खांद्यावर वीस मिनिटं. अजिबात रडली नाही.

शनिवार, ९ मे.

शेजारच्या सुनीलला योजना सांगितली. सुनील आमच्याच हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. त्याची बायको नर्सिंग शिकलेली. मुलगा झाल्यावर तिने स्वखुशीने नोकरी सोडली, असं सुनीलनेच मला सांगितलंय. तिला मी कधी विचारलं नाही, कारण ती कायम घाईत असते.

सुनीलने चौकात चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर विचारलं, "सर, पाजायचं बी तुमीच बघनार का मग?" सगळे हसले. मीही हसलो. विनोदबुद्धी आहे मला. मात्र अर्ध्या तासाने कुणीतरी पुन्हा विचारलं तेव्हा मी सांगितलं, की बाळाकडे तशी माझी आईच बघणार आहे, मी आपला देखरेखीला. हे खोटं नाही. देखरेखीचा रकाना तक्त्यात आहे.

रविवार, १० मे.

डायपर आणायला गेलो. गिऱ्हाइकं बरीच होती. आधी पाव किलो शेंगदाणे घेतले, मग अगरबत्ती, मग गर्दी ओसरल्यावर डायपर. लाज वगैरे अजिबात वाटली नाही. फक्त पिशवी काळी मागितली. दुकानदाराने साईज विचारली. मी म्हटलं, मध्यम. तो म्हणाला, वजन? मी म्हटलं, त्र्याहत्तर.

मंगळवार, १२ मे.

आईने अबोला धरलेला नाही. फक्त बोलत नाही.

दोन वेळा डाळ-भात झाला, भाजी नाही. कारण विचारलं तर म्हणते, आता तुलाच सगळं करायचंय तर सवय कर. वातावरण तापलंय. आईचं मन मोडायचं नाही आणि रेश्माचं करिअरही मोडायचं नाही. कठीण आहे, पण मी इतिहासही शिकवतो. तहाचं महत्त्व मला माहीत आहे.

गुरुवार, १४ मे. दुपारी ४.

सुवर्णमध्य सापडला!

सीनाई दूध संघाचे मॅनेजर भाऊसाहेब बँकेपाशी भेटले. मला ओळखतात, माझं ८ मार्चचं भाषण त्यांनी ऐकलंय. म्हणाले, मॅडम कधी येताहेत, लोक लई विचारतात. मी जरा अडचण सांगितली, अधिक महिना वगैरे. ते म्हणाले, मग तीन महिने वाढवून घ्या ना, एक अर्ज टाका, बिनपगारी करून टाकू. तोवर वैजनाथ नावाचा एक पोरगा आहे, नवीनच डिप्लोमा झालाय, त्याला बसवतो.

मी तिथेच अर्ज लिहिला. अर्ज मी फार छान लिहितो. 'अर्जदार विनम्रतापूर्वक विनंती करते की' पासून 'कृपाभिलाषी' पर्यंत एकही खाडाखोड नाही. रेश्माची सहीही केली. लग्नापासून तिचे सगळे फॉर्म मीच भरतो, त्यामुळे तिची सही आता तिच्यापेक्षा मला चांगली येते.

म्हणजे आईचा अधिक महिना सांभाळला, रेश्माला आराम, नोकरी जागच्या जागी. सगळे सुखी. रेश्माला सांगायचं नाही. सरप्राईज. अर्जाचा फोटो काढून ठेवलाय.

आईला सांगितलं. संध्याकाळी भरली वांगी.

रविवार, १७ मे.

अधिक महिना लागला. सासऱ्यांचा, म्हणजे सहादेवमामांचा फोन : पुढच्या रविवारी धोंड्याला या. अधिकात लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानतात. पाय धुतात, पुरणाचे धोंडे जेवायला घालतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. मी तत्त्वतः या प्रथेच्या विरोधात आहे. जावयाचे पाय सासऱ्याने का धुवायचे? यावर एक लेख लिहीन म्हणतो. पण वडीलधाऱ्यांचं मन मोडवत नाही. अनारसे तुपातले की तेलातले, ते विचारायचं राहिलं.

सरप्राईज तिथेच, जेवणाच्या पानावर सांगायचं ठरवलं.

बुधवार, २० मे.

वैजनाथ चौकात दिसला. संघाची गाडी, संघाचा टी-शर्ट, मानेवर पावडर. म्हणाला, सर, सगळी गावं फिरून आलो, लोकांना कार्डं वाटली. मी म्हटलं, कार्डं कशाला, तीन महिन्यांचंच तर आहे. तो हसला. कामसू मुलगा आहे. मला आवडला.

शनिवार, २३ मे. खर्ड्याजवळ, वस्तीवर. दुपारी १२.

पोचलो. जे पाहिलं ते इथेच लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही. माणसाच्या इज्जतीचा प्रश्न आहे.

सहादेवमामा न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसले होते आणि त्यांच्या नडग्यांवर ज्ञानदा पालथी. स्वतः अंघोळ घालत होते. पाणी कोपराने बघत होते. टाळू भरली, पुसली, धुरी दिली, दुपट्यात अशी गुंडाळली की नुसतं नाक दिसावं. बासष्ट वर्षांचा माणूस, मिशा एवढ्या. सासूबाई गोजरबाई बाजूला खुर्चीत बसून अनारशाचं पीठ मळत होत्या. त्यांचे गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही.

मी मामांना जरा बाजूला घेऊन म्हटलं, लोक काय म्हणत असतील. ते म्हणाले, "म्हनू द्या की. पोरीला कामावर जायाचंय, हिला बसता येत न्हाई. कुनाला तरी शिकावंच लागतंय ना? पयल्या दिशी माझ्या हातातनं साबन पडला, पोरगी न्हाई पडली."

साधा माणूस. समानता हा शब्दही ऐकला नसेल बिचाऱ्याने. त्याचं अडाणीपण मनाला लागलं.

रेश्मा नव्हती. शेजारच्या वस्तीवर गाय अडली होती, पहाटेच गेली म्हणे. अकराला आली, बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली, स्कूटीवर. रजेत कसलं काम, असं मी विचारलं. ती म्हणाली, हात आखडतात हो, सवय राहायला हवी. चेहरा असा फुललेला होता की मला सरप्राईज तेव्हाच सांगावंसं वाटलं. आवरलं.

ज्ञानदाला घेतलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. ऊन लागलं असावं.

रविवार, २४ मे. दुपारी ३.

तारीख लक्षात ठेवण्यासारखी.

पाय धुणं झालं. मी नको नको म्हणत पाय पुढे केले. रेश्मा शेजारी पाटावर, मांडीवर ज्ञानदा. ओवाळणं, नवे कपडे, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे. तुपातले. मग पानं वाढली. सासूबाई वाढत होत्या, रेश्मा कामावर जाण्याच्या तयारीचं सांगत होती : आठवडाभर दूध काढून ठेवायचा सराव झालाय, ज्ञानदा वाटी-चमच्याने पिते, शनिवारी ३० तारखेला कर्जतला येऊ, १ जूनला सकाळी सातला हजर. मामा म्हणाले, पंधरा दिवस तेही कर्जतला येऊन राहतील. जावईबापू नवशिके.

मी म्हटलं, काही घाई नाही. आणि मोबाईल काढून अर्जाचा फोटो पुढे केला.

तिने फोटो मोठा करून वाचला. खालपर्यंत वाचला. परत वर गेली. मला वाटलं, भाषा आवडली. सासूबाई पळी हातात धरून उभ्या राहिल्या.

रेश्मा म्हणाली, "अर्जदाराच्या घरी बाळास सांभाळणारे कोणीही नाही. असं लिहिलंय तुम्ही."

मी म्हटलं, ती लिहिण्याची पद्धत असते.

"मग तुम्ही कोण?"

प्रश्न जरा संदिग्ध होता. मी धोंड्यावर तूप घेतलं.

मग तिने भाऊसाहेबांना फोन लावला. फोन स्पीकरवर नव्हता तरी मला ऐकू आलं. कर्जत सेंटर वैजनाथच्या नावावर चढलं, ऑर्डर निघाली. मॅडम, तुमीच सही करून दिलीय, आता आमी काय करनार. तीन महिन्यांनी जागा निघाली तर बघू.

ती उठली, ज्ञानदाला घेऊन आत गेली. ओरडली नाही, रडली नाही. रडली असती तर मला समजूत घालता आली असती, त्याची तयारी होती. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "जेवा तुमी. अन्नाला कामून नाराज करता." अन्नाचा अपमान नको म्हणून मी जेवलो. दोन धोंडे. तिसऱ्याचा आग्रह कुणी केला नाही.

वास्तविक हेतू चांगला होता. हेतू बघायला हवा. लोक हल्ली हेतूच बघत नाहीत.

सोमवार, २५ मे.

सकाळी ८.३०. रेश्मा स्कूटीवर कर्जतला निघाली, भाऊसाहेबांना समक्ष भेटायला. मामा सासूबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरकडे जामखेडला नेणार, नंबर आधीच लावलेला. दुपारपर्यंत ज्ञानदा माझ्याकडे. चार तासांची तर गोष्ट. रेश्मा काय-काय सांगू लागली, तेव्हा मी म्हटलं, मला सांगू नकोस, माझ्याकडे तक्ता आहे. हीच संधी. आता कळेल सगळ्यांना.

९.०५. झोपलीय. सगळं नियंत्रणात. लोक उगाच बाऊ करतात.

९.४०. जागी. माझ्याकडे बघतेय.

९.४१. रडतेय.

९.५५. अंगाई येत नाही एकही. संविधानाची उद्देशिका चालीत म्हटली. 'आम्ही भारताचे लोक' ला थांबली. 'सार्वभौम' ला परत सुरू. 'बंधुता' पर्यंत पोचता आलं नाही.

१०.१०. वाटी-चमचा. चार चमचे दूध. एक तिच्या पोटात, तीन माझ्या नव्या शर्टावर.

१०.२५. लंगोट ओला. सोडायला जमलं. बांधणं हे वेगळं कौशल्य आहे. गाठ शेवटी तिला न बसता माझ्या घड्याळाला बसली.

१०.३०. रेश्माला फोन केला. उचलला नाही.

१०.३२. परत केला.

१०.५०. सहा वेळा. लंगोटाबद्दल एकच साधा प्रश्न आहे.

११.१५. अकरा वेळा झाले. आता फोन बंद लागतोय. बाळाच्या आईने इतकं बेफिकीर असावं का?

११.३०. गोठ्यात नेलं. गाय बघून गप्प. गायीने माझा शर्ट चाटला, दुधाचा. ज्ञानदा हसली. पहिल्यांदा हसताना बघितली. मला नाही हसली, गायीला. पण मी तिथेच होतो.

१२.२०. मामा आले. तोवर आम्ही दोघं ओले. त्यांनी घेतलं आणि ती अर्ध्या मिनिटात गप्प. मी म्हटलं, काय युक्ती आहे? ते म्हणाले, "युक्ती कसली. तुमी तिला लांब धरायलात, तापलेलं भगुनं धरल्यावानी. जवळ घ्या की, तुमचीच हाय."

संध्याकाळी ६. रेश्मा आली. सगळं मामांना सांगत होती, मी ऐकत होतो. भाऊसाहेबांच्या टेबलावर तिने फोन ठेवला होता. बोलणं चालू असताना त्यावर माझं नाव अकरा वेळा उजळलं. भाऊसाहेब म्हणाले, मॅडम, आधी घरचं बघा, बाईमाणसाला हे असंच असतं. मग तिने फोन बंद करून पालथा घातला आणि म्हणाली, अर्जावरची सही माझी नाही, आणि रजा संपल्यावर मला घेत नाही असं कागदावर लिहून द्या. भाऊसाहेबांनी पेन काढलं, टोपण काढलं, परत लावलं. लिहून द्यायला काही तयार होईनात.

शेवटी तोडगा : कर्जत गेलं ते गेलंच. खर्डा सेंटर वर्षभर मोकळं पडलंय. वस्त्या लांब-लांब, रस्ते खराब, कुणी टिकत नाही. ते घेता का? तिने घेतलं. १ जूनपासून. म्हणजे ती इथेच राहणार, ज्ञानदाही.

मी विचारलं, आणि मी? ती म्हणाली, "तुमची शाळा कर्जतला आहे." तेवढंच. जेवायला मात्र वाढलं. गरम वाढलं.

बुधवार, २७ मे. कर्जत.

परत आलो. शांतपणे विचार केला. जे झालं ते एका अर्थी माझ्यामुळेच झालं. मी अर्ज दिला नसता तर तिला माहेरचं सेंटर मिळालंच नसतं. बाळ आजोळी सुरक्षित, नोकरी चालू. याला दूरदृष्टी म्हणतात. सुनीलला असंच सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे वहिनी आता येतच न्हाईत का?" मी विषय बदलला. त्याच्या बायकोने आतून विचारलं, कुठलं सेंटर मिळालं, किती गावं? ती माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलली. दोनदा विचारलं.

तक्ता फ्रिजवर तसाच आहे. उन्हाने हिरवा रंग उडालाय.

शुक्रवार, २९ मे. संध्याकाळी.

आईला वाटलं होतं, तीन महिने सून-नात लांबली. आता कळलं, कायमचंच लांब. सगळं सांगावं लागलं. सहीचंही.

मला वाटलं, ती माझ्या बाजूने बोलेल. तिच्यासाठीच तर केलं सगळं. आई तांदूळ निवडत होती, तिने दोन खडे बाहेर टाकले. मग म्हणाली, "मी बालवाडीवर लागले हुते. माहीत हाय का तुला?"

माहीत नव्हतं.

"दीड वरीस केली. तू आठ महिन्याचा झाला, तवा सोडली. तुझी आजी म्हनली, लेकराकडं कोन बघनार. तुझं वडील काय बोललंच न्हाईत." मग सूप झटकलं. "तुझं वडील बी लई चांगलं भाषन करायचं."

वडील आदर्श शिक्षक होते. त्यांचा फोटो हॉलमध्ये आहे.

मी तिला विचारलं, मग तूच रेश्माला अडवत का होतीस? ती म्हणाली, "मला जे सांगितलं त्येच मी सांगितलं. दुसरं कुनी काय शिकवलंय मला?" आणि आत गेली. थोड्या वेळाने माळ्यावरून पत्र्याची पेटी काढल्याचा आवाज आला.

शनिवार, ३० मे.

आई सकाळच्या एसटीने खर्ड्याला गेली. अधिक महिना चालू असून गेली. हे तिला मी सांगितलं. म्हणाली, लेकरू इकडं आणायचं न्हाई, मी तिकडं जायाचं न्हाई असं कुठं म्हनलंय. सोबत नाचणीचं पीठ आणि माझी लहानपणची दोन दुपटी. ती तिने जपून ठेवली होती, हेही मला माहीत नव्हतं.

जाताना विचारलं, "येतो का?" म्हटलं, कूलरवाला यायचाय.

कूलरवाला आला नाही.

सोमवार, १ जून.

सकाळी ७. रेश्मा आता हजर झाली असेल. मेसेज टाकला : 'अभिनंदन, पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.' शाळेच्या ग्रुपवर टाकतो तोच निघाला हातून.

१०. तिने फोटो पाठवला. वस्तीवरचा गोठा, एक कालवड, रेश्मा, तोंडावर मास्क, डोळ्यांवरून कळतंय की हसतेय. मागे बाजेवर आई, मांडीवर ज्ञानदा, बाजूला मामा दुपटं वाळत घालताहेत. फोटो स्टेटसला ठेवणार होतो. वर काय लिहायचं ते सुचेना. 'माझा पाठिंबा' असं लिहिलं, पुसलं.

दुपारी २. घरात कुणी नाही. डाळ-भात केला. डाळ बुडाला लागली.

खरं लिहायचं तर ज्ञानदा मला ओळखत नाही. हे लिहिलं आणि खोडलं. परत लिहिलं. सहा महिन्यांत मी तिला एकूण किती तास घेतलं, ते मोजायला बसलो आणि मोजणं लवकर संपलं. वाईट वाटतंय. रेश्मावर रागवावं म्हटलं, पण राग येईना, तिची आठवण येते.

निर्णय. अजून तेरा दिवस सुट्टी आहे. उद्या सकाळी सातच्या गाडीने जायचं. भाषण नाही, तक्ता नाही. मामांकडून अंघोळ शिकायची, लंगोट शिकायचा. कोण काय म्हणेल ते म्हणू दे. बॅग भरली. गजर लावला, पाचचा. राखीव म्हणून सव्वापाचचा.

मंगळवार, २ जून. सकाळी ९.

पाचचा गजर बंद केला ते आठवतंय. सव्वापाचचा कुणी बंद केला, माहीत नाही. घरात मी एकटाच.

सातची गाडी कधी साडेसातच्या आत निघत नाही. आज सातला निघाली. स्टँडवर पोचलो तेव्हा धूळ दिसली. पुढची अकराला, भर उन्हात.

आईला फोन केला, की मी निघतोय, पण थोडा उशीर होईल, काळजी करू नका. मागे ज्ञानदा हसत होती, भांडी वाजत होती, मामा कुणाला तरी पाणी गरम आहे का विचारत होते. आई म्हणाली, "ये सावकाश. हितं तुझ्यावाचून काय अडलं न्हाई."